परदेशी पार्सलचा शिपिंग खर्च चुकला तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातून, छोट्या दुकानातून किंवा बचत गटातून परदेशात माल पाठवणाऱ्यांसाठी हे पान आहे. पितळी समया, पैठणीच्या पर्स, कोल्हापुरी चपला, वारली चित्रं, दिवाळीचा फराळ, माल कुठलाही असो, शिपिंगचा आकडा चुकला की त्या ऑर्डरचा नफा जातो आणि वर गिऱ्हाईकही दुखावतं. उदाहरणांत दिलेले कुरिअरचे रुपये हिशेब समजण्यापुरते आहेत. चालू दर बुकिंगच्या दिवशीच पाहा.

ऑर्डर आली, पैसे जमा झाले आणि आता कळतंय की शिपिंग फार कमी लावलं. पार्सल अजून घरातच आहे. काय करू?

पार्सल घरात आहे हीच तुमची जमेची बाजू. एकदा ते कुरिअरच्या गाडीत चढलं की बोलण्यासारखं फारसं काही उरत नाही.

आधी माल पूर्ण पॅक करून चिकटपट्टीसकट वजन करा आणि खऱ्या खोक्याचं माप घेऊन नक्की दर काढा. अंदाजाने ग्राहकाकडे जाऊ नका. पहिला आकडा चुकला आणि दुसराही चुकला तर तिसऱ्यांदा तोंड उघडायची सोय राहत नाही. फरक त्या ऑर्डरच्या नफ्यात बसत असेल तर मुकाट्याने सोसा आणि वेळेत पाठवून द्या. दोनशे-तीनशे रुपयांसाठी परदेशातल्या गिऱ्हाइकाशी पत्रव्यवहार करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

फरक मोठा असेल तर विचारायला हरकत नाही. मात्र एकदाच विचारायचं, सगळे आकडे समोर ठेवून, आणि नाही म्हणायची मोकळीक देऊन. न्यू जर्सीतल्या मराठी ग्राहकाला पाठवायचा निरोप असा असू शकतो:

"नमस्कार ताई, तुमची ऑर्डर पॅक झाली आहे. पॅक केल्यावर कुरिअरचा खर्च ४,६५० रुपये येतोय, आम्ही तुमच्याकडून ३,२०० घेतले होते. मोजणीतली चूक आमची आहे, म्हणून १,४५० च्या फरकातला निम्मा भार आम्ही घेतो. उरलेले ७२५ रुपये तुम्ही देऊ शकाल का? नको असेल तर जादा पैसे न घेता टपालाने पाठवतो, फक्त वेळ जास्त लागेल. किंवा ऑर्डर रद्द करून सगळे पैसे परत करतो. शुक्रवारपर्यंत कळवा, तोवर पार्सल राखून ठेवते."

अमराठी ग्राहकाला इंग्रजीत लिहितानाही हाच क्रम ठेवा: खर्च किती, घेतले किती, चूक कुणाची, पर्याय कोणते. इंधन दरवाढ, कस्टमचे नवे नियम असली कारणं पुढे करू नका. समोरचा माणूस तोच दर दोन मिनिटांत इंटरनेटवर पाहू शकतो.

ग्राहक नाही म्हणाला. किंवा उत्तरच देत नाही.

नाही म्हणाला तर त्याचा तो हक्क आहे. त्याने दाखवलेल्या किमतीला होकार दिला आणि पैसे भरले, व्यवहार तिथेच ठरला. आता ठरलेल्या शिपिंगमध्ये तोट्याने पाठवायचं किंवा पूर्ण पैसे परत करून ऑर्डर रद्द करायची, एवढंच तुमच्या हातात आहे. उत्तरच आलं नाही तर डिस्पॅचची मुदत संपायच्या आत निर्णय तुम्ही घ्या. उशिराचा ठपका वेगळा बसतो.

रद्द करणं फुकट असतं असं मात्र समजू नका. पेपॅलने पैसे आले असतील तर परत करताना मूळ व्यवहाराचं शुल्क तुम्हाला परत मिळत नाही. ईबे या ऑनलाइन बाजारपेठेवर विक्रेत्याने माल नाही म्हणून ऑर्डर रद्द केली तर ती विक्रेत्याच्या कामगिरीत उणी म्हणून धरली जाते. हे सगळं धरून तोटा मांडा. बऱ्याचदा पाठवून देणंच स्वस्त पडतं, आणि माल हातात पडलेला ग्राहक पुन्हा यायची शक्यताही राहते.

फरकाचे पैसे व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवून घेतले तर? एक ताई म्हणतात, "माझा भाऊ पुण्यात असतो, तो यूपीआय करेल."

ऑर्डर एट्सी, ईबे, अ‍ॅमेझॉनसारख्या बाजारपेठेतून आली असेल तर बाहेरून एक रुपयाही घेऊ नका. बाहेरचा व्यवहार त्यांच्या नियमांत बसत नाही, आणि खातं बंद होण्याचा धोका सातशे रुपयांच्या मानाने फारच मोठा आहे. एट्सीवर विक्रेते फरकाच्या रकमेची, त्या ग्राहकाच्या नावाने वेगळी लिस्टिंग, म्हणजे विक्रीची नोंद, करतात. पैसे तिथेच घ्या.

तुमची स्वतःची वेबसाइट असेल तर मूळ पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने फरकही घ्या. भावाच्या यूपीआयचा मार्ग सोपा वाटतो, पण मूळ बिल परकी चलनातल्या निर्यातीचं आणि फरक रुपयांत भलत्याच माणसाकडून, हा गुंता नंतर तुमच्या सीएला सोडवता सोडवता घाम फुटतो. ताईंना प्रेमाने नाही म्हणा.

उलटं झालं. शिपिंग जास्त घेतलं गेलं. परत द्यायचं का?

द्यायचं. ग्राहकाने मागायची वाटही पाहू नका.

पाच-पन्नास रुपयांचं सोडा, पॅकिंगचं सामान आणि काउंटरपर्यंतच्या फेरीचा खर्च त्यात धरता येतो. पण खर्च १,८०० आणि घेतले ३,००० असं झालं असेल तर फरक त्याच प्लॅटफॉर्मवरून अंशतः परतावा म्हणून पाठवा आणि सोबत एक ओळ लिहा. पार्सलवर प्रत्यक्ष भरलेलं टपाल हशील पुष्कळदा दिसतं, ग्राहक ते वाचतो. शिपिंगमध्ये नफा लपवणारे विक्रेते असतात हे त्याला ठाऊक आहे. तुम्ही त्यातले नाही हे दाखवण्याची ही सगळ्यात स्वस्त संधी.

फक्त परतावा ठरवताना प्लॅटफॉर्मचं शुल्क विसरू नका. एट्सी ६.५ टक्के व्यवहार शुल्क मालाच्या किमतीवर आणि शिपिंगवरही घेतं. तुम्ही ३,००० शिपिंग घेतलंत त्यातले १९५ रुपये तुमच्याकडे आलेच नाहीत. ईबेचं विक्री शुल्कही शिपिंग धरूनच लागतं. शिपिंगचा दर ठरवताना हे मूळ हिशेबात नसणं ही फार नेहमीची चूक आहे.

वजन तर बरोबर केलं होतं. तरी कुरिअरने दीडपट बिल कसं लावलं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. आणि बहुतेक वेळा बिल बरोबर असतं.

विमानात जागाही विकली जाते. म्हणून कुरिअर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करतात आणि त्याला ५,००० ने भागतात. येतं ते व्हॉल्यूमेट्रिक वजन. खरं वजन आणि हे वजन यांतलं जे जास्त त्यावर बिल. एअर कार्गोला भाजक ६,००० असतो, पण घरगुती विक्रेत्याचा संबंध बहुधा ५,००० शीच येतो.

आता फराळाचा खोका घ्या. चकली, चिवडा, शंकरपाळे आणि अनारसे मिळून खरं वजन ३.८ किलो. चिवडा वजनाला हलका, पण डबाभर जागा खातो. चकली मोडू नये म्हणून मोठा खोका घेतला, ४० × ३० × २५. गुणाकार ३०,०००, भागिले ५,०००, म्हणजे ६ किलो. तुम्ही ४ किलोचे पैसे घेतलेत, कुरिअर ६ किलोचे मागणार.

इथेही गोष्ट थांबत नाही. बबल रॅप कोंबून, झाकण दाबून, चारी बाजूंनी टेप मारली की खोका फुगतो. हबवर, म्हणजे कुरिअरच्या केंद्रावर, मशीन माप घेतं ते सगळ्यात बाहेर आलेल्या बिंदूपासून. तुमचा ४० × ३० × २५ चा खोका तिथे ४२ × ३२ × २७ भरतो. गुणाकार ३६,२८८, वजन ७.२६ किलो, आणि अर्ध्या किलोच्या टप्प्यात वर नेऊन ७.५. दोन सेंटिमीटरच्या फुगवट्याने दीड किलो वाढला. म्हणून टेप मारून झाल्यावर, खोका टेबलावर ठेवून, मधोमध जिथे पोट आलंय तिथे मापपट्टी लावायची. खोक्यावर छापलेलं किंवा खोकेवाल्याने सांगितलेलं माप धरायचं नाही.

उलट दिशेने हाच हिशेब तुमच्या कामीही येतो. त्याच फराळासाठी उंची ५ सेंटिमीटरने कमी केलीत, म्हणजे ४० × ३० × २०, तर ४.८ किलो येतं आणि बिल ५ किलोचं होतं. चिवड्याच्या पिशव्यांतली हवा काढून सील केल्या आणि चकलीला तेवढा ताठ डबा दिला तर हे सहज जमतं.

पितळेचं याच्या बरोबर उलट. समई लहान खोक्यात मावते आणि खरं वजनच जास्त भरतं. तिथे खोका छाटून काही हाती लागत नाही, वजनकाटा बिनचूक हवा. तुम्ही काय विकता त्यावरून तुमची चूक मापात होईल की वजनात, हे आधीच सांगता येतं.

जादा बिल पार्सल पोहोचल्यावर कित्येक दिवसांनी आलं. आता ग्राहकाकडून घेता येईल?

नाही. माल पोहोचला, व्यवहार संपला. आता वाद असलाच तर तुमचा आणि कुरिअरचा किंवा अ‍ॅग्रिगेटरचा, म्हणजे अनेक कुरिअरचं बुकिंग करून देणाऱ्या मध्यस्थाचा.

तो वाद जिंकायचा तर पुरावा पार्सल द्यायच्या आधी तयार असावा लागतो. तीन फोटो काढून ठेवा: काट्यावरचं पार्सल, आकडा स्पष्ट दिसेल असं, तिन्ही बाजूंवर मापपट्टी लावलेली, आणि चिकटवलेलं लेबल, म्हणजे हे तेच पार्सल आहे हे सिद्ध होतं. वजन तफावतीची तक्रार करायला मुदत असते आणि ती थोडकीच असते. प्रत्येक बिल आल्या दिवशी उघडून पाहायची सवय लावा. आणि एकाच मापाच्या खोक्यात सतत माल जात असेल तर त्या खोक्याचं माप कंपनीकडे आधीच लेखी नोंदवून घ्या.

टपालाच्या काउंटरवर ५० ग्रॅम जास्त भरले आणि खर्च एकदम उडाला. असं का?

टपालातल्या लहान पाकिटांना वजनाची मर्यादा असते, ती तुमच्या सेवेला किती हे आधी पाहा. समजा ती २ किलो आहे; जुन्या स्मॉल पॅकेटला एवढीच होती, पण भारतीय टपाल खात्याने परदेशी पाठवणीची ती सेवा २०२६ पासून बंद केली. मूर्ती १,७०० ग्रॅमची, त्यावर खोका, बबल रॅप, कागद आणि टेप मिळून ३५० ग्रॅम, झाले २,०५०. इथे फक्त ५० ग्रॅमचे पैसे वाढत नाहीत. पाकिटाचा वर्गच बदलतो, मग पार्सल किंवा आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्टचा दर लागतो.

उपाय दोनच. हलकं पॅकिंग, किंवा माल दोन नगांत सुटा होत असेल तर दोन पाकिटं, प्रत्येकाचा कस्टम फॉर्म वेगळा. मूर्ती वाचवायचं पॅकिंग मात्र काढू नका. फुटलेल्या मालाचा परतावा शिपिंगच्या फरकापेक्षा नेहमीच महाग असतो. मर्यादा २ किलोची असेल तर वस्तूचं नुसतं वजन १,६०० ग्रॅमच्या पुढे गेलं की लिस्टिंगमध्ये दर लावतानाच सावध व्हा.

वेबसाइटवर पाहिलेला दर आणि हातात आलेलं बिल यांत वजन-माप सारखं असूनही फरक आहे.

पाहिलेला दर बहुधा मूळ भाड्याचा असतो. त्यावर इंधन अधिभार चढतो, तो वेळोवेळी बदलतो. त्यावर १८ टक्के जीएसटी. पत्ता आडबाजूच्या भागातला असेल तर दूरच्या भागाचं वेगळं शुल्क, आणि पत्ता चुकीचा निघाला तर दुरुस्तीचं. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या ऑर्डरला बुकिंगआधी पिनकोड टाकून पाहाच, तिथे शहराबाहेरचा पत्ता म्हणजे खरोखर लांबचा पत्ता असतो.

पार्सल पोहोचलं, पण ग्राहक ड्युटी भरायला तयार नाही. "शिपिंग दिलं होतं ना," म्हणतो.

शिपिंग वेगळं आणि आयात कर वेगळा, हे तुम्हाला माहीत आहे, त्याला सांगितलं नसेल तर माहीत असायचं कारण नाही. लिस्टिंगमध्ये ठळक लिहा: कर शिपिंगमध्ये धरला आहे की ग्राहकाने दारात भरायचा आहे. कुरिअरच्या भाषेत पहिलं डीडीपी, दुसरं डीएपी. लिहिलं नव्हतं तर निदान काही भार तुम्ही घ्यावा, कारण त्याच्या दृष्टीने तुम्ही सांगितलेला आकडा अपुरा होता.

देशागणिक परिस्थिती वेगळी आहे, आणि अमेरिकेची तर पार बदलून गेली. तिथे ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला आयात कर लागत नसे. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांसाठी बंद झाली. भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेचं बहुतेक बुकिंग थांबवलं आणि १५ ऑक्टोबर २०२५ पासून पुन्हा सुरू केलं, तेव्हा ड्युटी इथेच बुकिंगच्या वेळी आगाऊ घ्यायला लागले. म्हणजे जो खर्च पूर्वी शून्य होता तो आता काउंटरवर तुमच्या खिशातून जातो. जुना शिपिंग प्रोफाइल, म्हणजे प्लॅटफॉर्मवर देशवार भरून ठेवलेले शिपिंगचे दर, तसाच ठेवलेल्या विक्रेत्याला प्रत्येक ऑर्डरमागे फटका बसतो. ड्युटीचे दर त्यानंतरही बदलत आले आहेत, तेव्हा अमेरिकेच्या ऑर्डरला बुकिंगच्या दिवसाचाच दर धरा आणि अमेरिकेचा प्रोफाइल "इतर सर्व देश" यातून वेगळा काढा. हे आजच करण्यासारखं काम आहे.

युरोपीय संघात २२ युरोपर्यंतची व्हॅट सवलत १ जुलै २०२१ ला संपली, त्यामुळे लहानशा पार्सललाही व्हॅट लागतो. १५० युरोपर्यंतच्या मालाचा व्हॅट आयओएसएस, म्हणजे आयात मालाचा व्हॅट एकाच ठिकाणी भरायच्या युरोपीय योजनेतल्या नोंदणीतून आधीच भरता येतो, मोठ्या बाजारपेठा तो ग्राहकाकडून घेतात. तो नंबर पार्सलच्या कागदांवर घालायला विसरलात तर ग्राहकाकडून व्हॅट दुसऱ्यांदा मागितला जातो, वर हाताळणी शुल्क. ही चूक पूर्ण विक्रेत्याची, भरपाई तुम्हीच द्या. ब्रिटनमध्ये १३५ पौंडांपर्यंतच्या मालाचा व्हॅट विक्रीच्या वेळीच घ्यायचा असतो. ऑस्ट्रेलियात १,००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या मालावरचा १० टक्के जीएसटी २०१८ पासून बाजारपेठा घेतात. कॅनडात करमाफीची मर्यादा भारतातून येणाऱ्या मालाला फक्त २० कॅनेडियन डॉलर आहे, म्हणजे जवळपास सगळंच करात येतं.

एचएस कोड, म्हणजे मालाचा आंतरराष्ट्रीय वर्गीकरण क्रमांकही नीट घाला, कर त्यावरच ठरतो. कोल्हापुरीचंच पाहा: चामड्याचा तळ आणि पावलावरून व अंगठ्याभोवती चामड्याचे पट्टे असलेल्या पादत्राणांना ६४०३.२० हा वेगळा कोड आहे. नुसतं "फुटवेअर" म्हणून भलताच कोड टाकलात तर डीडीपीचा तुमचा सगळा अंदाज चुकतो.

शिपिंगमधला तोटा भरून काढायला कस्टम फॉर्मवर किंमत कमी लिहू? किंवा "गिफ्ट" लिहू? ग्राहकच सांगतोय.

नाही. विकलेला माल भेट नसतो आणि खोटी किंमत हे खोटं कागदपत्र असतं, सही तुमची असते. पार्सल अडकलं तर दंड आणि जप्तीचा धोका आहेच. हरवलं तर भरपाईही तुम्ही लिहिलेल्या कमी किमतीचीच मिळते. ग्राहकाला नम्रपणे, एका वाक्यात नकार द्या आणि पुढे चला.

एकाच ग्राहकाने तीन वस्तू घेतल्या आणि शिपिंग तिप्पट लागलं. किंवा एकाच वस्तूचं लागलं.

प्रोफाइलमध्ये दोन रकाने असतात, पहिल्या वस्तूचा दर आणि पुढच्या प्रत्येक वस्तूचा दर. दुसरा रकाना तसाच सोडला की यातली एक चूक होते. पैठणीच्या पर्स चपट्या आणि हलक्या, तिथे दुसऱ्या नगाचा दर अगदी कमी ठेवता येतो. चपलांचे जोड खोक्यासकट जात असतील तर दुसरा जोड जवळपास पहिल्याइतकीच जागा घेतो, तिथे सूट देऊ नका. जास्त घेतलं गेलं असेल तर वर सांगितल्याप्रमाणे परत करा.

चुकून "जगभर मोफत शिपिंग" लागलं आणि ऑर्डर येत सुटल्या.

लिस्टिंग ताबडतोब निष्क्रिय करा, दुरुस्ती मग. आलेल्या ऑर्डरपैकी हलक्या आणि जवळच्या देशांतल्या पाठवून द्या, बाकीच्यांना त्याच दिवशी खरं कारण लिहून पूर्ण परतावा द्या. जितका उशीर तितकी नाराजी. जादा पैसे मागायचा खटाटोप इथे करू नका, एवढ्या लोकांशी वाटाघाटी होत नाहीत.

ग्राहकाने घेतलंच नाही, पार्सल परत निघालंय. परतीचा खर्च कुणाचा?

ड्युटी नाकारल्यामुळे परत येत असेल आणि तुम्ही ती आधी स्पष्ट लिहिली असेल, तर मालाची किंमत परत करून जाण्या-येण्याचा खर्च कापून घेणं न्याय्य आहे. तुमच्या लिस्टिंगच्या अटींत मात्र ते लिहिलेलं हवं, आणि प्लॅटफॉर्मचे परताव्याचे नियम त्याच्याही वर असतात.

परतीचं कुरिअर भाडं कधीकधी मालापेक्षा जास्त होतं. म्हणून स्वस्त माल पाठवताना टपालाच्या पार्सल फॉर्मवर न पोहोचल्यास काय करायचं त्या रकान्याकडे लक्ष द्या: परत पाठवा की सोडून द्या. चारशे रुपयांच्या पर्ससाठी "सोडून द्या" हाच शहाणपणाचा पर्याय. किमती माल परत येणार असेल तर निर्यातीच्या कागदांच्या प्रती जपा. हा आपलाच बाहेर गेलेला माल आहे हे आपल्याकडच्या कस्टमला दाखवावं लागतं, नाहीतर स्वतःच्याच समईवर आयात शुल्क भरायची पाळी येते.

या सगळ्या दुरुस्त्या हिशेबात कशा दाखवायच्या?

बिलात मालाची किंमत आणि शिपिंग या दोन ओळी वेगळ्या ठेवा. पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्टमध्ये, म्हणजे टपालाने निर्यात करताना भरायच्या कस्टमच्या फॉर्ममध्ये, एफओबी किंमत लागते, म्हणजे परदेशापर्यंतचं भाडं सोडून. अमेरिकेचं कस्टम ड्युटीसाठी साधारण हीच किंमत धरतं. युरोप आणि ब्रिटन मात्र भाडं आणि विमा धरून करपात्र किंमत काढतात, त्यामुळे बिलावर शिपिंग चुकीचं पडलं तर ग्राहकाचा करही चुकतो. पार्सल निघायच्या आधी चूक कळली तर बिलच नवीन करा.

जीएसटी नोंदणी असेल आणि बिल झाल्यावर काही पैसे परत केले असतील तर क्रेडिट नोट काढा. फरक जादा घेतला असेल तर डेबिट नोट. प्रत्येकावर मूळ ऑर्डर क्रमांक हवाच. बँकेत आलेली रक्कम आणि निर्यातीच्या कागदावरची रक्कम जुळत नसेल तर बँक विचारते, आणि तेव्हा ग्राहकाशी झालेला तो एक संदेश, क्रेडिट नोट आणि कुरिअरचं बिल एका फाइलमध्ये असलं की काम भागतं.